घरगुती बिअर : नॉर्वेच्या शेतकऱ्यांची रीत व तिच्यापासून आपणांस घेण्याजोगा बोध

बिअर म्हटली म्हणजे आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढें कारखाना, बाटली आणि दुकान इतकेंच उभें राहतें. वास्तविक पाहतां हें पेय मूळचें शेतकऱ्याच्या घरचें आहे. आपल्याच शेतांतील जव, आपल्याच झऱ्याचें पाणी, आपल्याच रानांतील सरपण आणि आपल्याच घरीं राखलेलें विरजण, एवढ्या सामग्रीवर सणावारापुरती बिअर करणारे शेतकरी युरोपच्या उत्तरेस नॉर्वे देशांत अद्यापि आहेत. आमच्या कांहीं तरुण वाचकांनीं, विशेषतः ज्यांचे भाऊबंद परदेशीं नोकरीस आहेत अशांनीं, ही बिअर घरीं कशी करितात आणि आपणांस ती करतां येईल काय, असे दोन प्रश्न विचारिले आहेत. दोहोंचीं उत्तरें देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. पहिल्याचें उत्तर ठाऊक नसल्यास फारसें बिघडत नाहीं; परंतु दुसऱ्याचें ठाऊक नसल्यास अब्रूदार खातेदाराच्या दारीं पंचनामा होण्याची वेळ येते. म्हणून दुसरें आधीं सांगतों.

कायदा काय म्हणतो

आपल्या राज्यांत सन १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू आहे. त्यासच आतां महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. या कायद्यांत दारू या शब्दांत बिअरही येते. परवान्यावांचून ती तयार करणें हा गुन्हा आहे. ती विकण्यासाठीं केली कीं घरीं पिण्यासाठीं केली, हा भेद तेथें उपयोगी पडत नाहीं. बिअर सौम्य असते, ही सबबही चालत नाहीं. कित्येकांजवळ पिण्याचा परवाना असतो व त्यावर ते निर्धास्त असतात. परंतु पिण्याचा परवाना निराळा आणि करण्याचा निराळा. इतकेंच नव्हे, तर ती करण्याच्या हेतूनें साहित्य व भांडीं बाळगणें हेंही गुन्ह्यांत मोडतें. तेव्हां टपालानें आलेली पेटी उघडून "गंमत म्हणून" माजघरांत प्रयोग आरंभणाऱ्या तरुणांनीं हें नीट ध्यानांत धरावें. सातबाऱ्यावर ज्याचें नांव आहे त्या वडील माणसास अशा गमतीचा जाब द्यावा लागतो.

मग ही हकीकत सांगण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन असें कीं, बिअरच्या कृतीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागांत धान्यास मोड आणून त्याचें माल्ट करावयाचें असतें. त्यांत कैफ नाहीं व कायद्याची आडकाठीही नाहीं, आणि तो भाग आपल्या घरीं नाचणीवर करतां येतो. दुसरा भाग आंबवण्याचा. तो आपणांस वर्ज्य आहे. परंतु घरचें वाण राखण्याविषयीं त्यांत जो धडा आहे तो कोणत्याही शेतकऱ्यानें ऐकण्याजोगा आहे. शिवाय ज्यांचीं मुलें हें काम कायदेशीर असलेल्या देशांत राहतात, त्यांस आरंभ कोठून करावा हेंही यावरून कळेल.

इतर देशांतील सरकारें

आमची उभी हयात मुलकी खात्यांत लेखणी झिजविण्यांत गेली असल्यामुळें पेल्याच्या आधीं आमची दृष्टि कराकडे जाते. इंग्लंडांत १६९७ पासून माल्टवर कर होता. तो १८८० मध्यें ग्लॅडस्टन यांनीं उठविला आणि कर तयार बिअरवर बसविला. त्याबरोबर घरीं बिअर करणारासही परवाना लागूं लागला. ती परवान्याची अट १९६३ मध्यें निघाली. अमेरिकेंत दारूबंदी १९३३ मध्यें उठली खरी, पण घरीं बिअर करण्यास मध्यवर्ती कायद्याची मोकळीक मिळण्यास १९७८ साल उजाडावें लागलें. त्या सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्याप्रमाणें दोन किंवा अधिक प्रौढ माणसें असलेल्या घरास वर्षाकाठीं २०० गॅलनपर्यंत बिअर करमाफ करतां येते. मात्र ती विकतां येत नाहीं.

नॉर्वेंतही हाच नियम आहे. स्वतःपुरती बिअर घरीं करावी, विकूं नये; आणि भट्टी लावून अर्क गाळणें तर साफ मना आहे. पूर्वीं तेथें याहूनही चमत्कारिक स्थिति होती. पश्चिम नॉर्वेंतील मध्ययुगीन गुलाटिंग कायद्यांत नाताळच्या सणासाठीं बिअर करणें हें शेतकऱ्याचें कर्तव्य ठरविलें होतें व कसूर करणारास दंड सांगितला होता. आपल्याकडे करणारास दंड, तेथें न करणारास! देशकालाप्रमाणें सरकारें कशीं निरनिराळीं वागतात याचें हें उत्तम उदाहरण होय.

पहिला भाग : धान्याचें माल्ट

बिअरला चार वस्तु लागतात : जव म्हणजेच सातू, पाणी, हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें आणि यीस्ट म्हणजे आंबवणारें सूक्ष्म बीज. बव्हेरियांत १५१६ सालीं झालेल्या प्रसिद्ध हुकुमांत जव, हॉप व पाणी या तिहींचेंच नांव आहे. यीस्ट काय आहे हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें बिअरवरील आपला ग्रंथ १८७६ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें तें सजीव बीजच आंबवण्याचें काम करतें ही गोष्ट सर्वमान्य होऊं लागली.

कोरडा जव दळून पाण्यांत शिजविला तर त्याची खळ होते, बिअर होत नाहीं. दाण्यांतील पिष्ट यीस्टला खातां येत नाहीं. त्याची साखर व्हावी लागते. ही साखर करण्याची किल्ली दाण्याच्या स्वतःच्याच हातीं असते. दाणा रुजूं लागला म्हणजे कोवळ्या अंकुराच्या पोषणासाठीं तो एक पाचक द्रव्य उत्पन्न करतो व त्याच्या योगें पिष्टाची साखर होऊं लागते. माल्ट करणारा या घडीची वाट पाहतो, आणि अंकुरानें साखर फस्त करण्यापूर्वींच दाणा वाळवून त्याची वाढ थांबवितो.

ट्रॉन्डहेम शहराच्या पूर्वेस स्ट्योर्डाल म्हणून प्रांत आहे. तेथील शेतकरी हें काम अजून स्वतःच करितात. जव सुमारें दोन दिवस भिजत ठेवितात. मधून मधून पाणी काढून दाण्यांस हवा देतात. नंतर थर पसरून चारसहा दिवस मोड येऊं देतात. मोडांच्या उबेनें रास तापते, म्हणून ती वरचेवर खालींवर करावी लागते. आळस केला तर मुळ्या एकमेकींत गुंतून गोधडी होते व बुरशी धरते. सालीखालचा अंकुर दाण्याच्या पाऊण लांबीइतका झाला म्हणजे माल्ट उतरलें असें समजावें. मग भोकें पाडलेल्या फळ्यांवर तें पसरून खालीं ऑल्डर नांवाच्या झाडाचीं लाकडें जाळतात. त्या धुरानें माल्टास जो वास लागतो तीच स्ट्योर्डालच्या बिअरची ओळख होय. आंच आरंभीं मंद ठेवावी लागते. ओला दाणा एकदम तापविला तर पाचक द्रव्य मरतें व सारी मेहनत फुकट जाते.

दुसरा भाग : गोड रस व आंबवण

माल्ट प्रथम भरडतात. पीठ करावयाचें नाहीं. साल शाबूत राहून आंतील गर फुटला पाहिजे, कारण पुढें तीच साल गाळणीचें काम करते. वीस लिटर बिअरसाठीं सुमारें ५ किलो माल्ट घ्यावें. त्यास १५ लिटर पाणी ७२ अंश सेल्सिअस इतकें तापवून घातलें म्हणजे मिश्रण ६५ ते ६७ अंशांवर स्थिरावतें. या उष्णतेवर तें एक तास झांकून ठेवावें. सर्व कौशल्य या एका तासांत आहे. उष्णता फार वाढली तर पाचक द्रव्य मरतें, फार उतरली तर साखर नीट होत नाहीं. शंका असल्यास थेंबभर रस बशींत घेऊन त्यांत आयोडीनचा थेंब सोडावा. निळा काळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे असें समजावें.

यानंतर रस निथळून घेतात व चोथ्यावर ७५ अंशांचें आणखी बारातेरा लिटर पाणी हळूहळू ओतून उरलेली साखर धुऊन काढितात. पश्चिम नॉर्वेंत हें पाणी जुनिपर झाडाच्या फांद्या घालून उकळलेलें असतें, आणि भांड्याच्या बुडाशींही त्याच फांद्या गाळणी म्हणून अंथरतात. चोथा वाया जात नाहीं. त्यांत प्रथिनें बरीच राहतात व गुरें तो आवडीनें खातात. मात्र तो लवकर आंबतो, म्हणून ताजाच घालावा लागतो.

निथळलेला रस सामान्यतः तासभर उकळतात व त्यांत ३० ते ५० ग्रॅम हॉप घालतात. हॉपनें कडवटपणा येतो व बिअर टिकते. नॉर्वेंत मात्र एका खोऱ्याची रीत दुसऱ्यास लागू नाहीं. व्हॉस भागांत रस तीन चार तास आटवितात, तर सुन्मोर भागांत कित्येक ठिकाणीं तो मुळींच उकळीत नाहींत.

उकळी संपल्यावर रस निववून त्यांत यीस्ट घालावयाचें. येथून पुढें स्वच्छता हाच धर्म. उकळीपूर्वीं राहिलेली घाण उकळीनें मरते. निवलेल्या रसास लागलेली घाण मरत नाहीं. भांडें, झांकण, नळी, पळी, हात, जें जें निवलेल्या रसास लागेल तें तें आधीं धुऊन, मग निर्जंतुक करून घ्यावें. नवशिक्यांची बिअर आंबट होते ती बहुधा येथेंच. बाजारी यीस्टला १८ ते २२ अंशांची उष्णता मानवते, आणि आठ पंधरा दिवसांत रस आंबून शांत होतो. रसांत तरंगणारें घनतामापक यंत्र आरंभीं १.०४८ दाखवीत असेल व शेवटीं १.०१० दाखवीत असेल, तर या दोहोंच्या वजाबाकीस १३१ नें गुणावें. येथें उत्तर जवळ जवळ पांच येतें, म्हणजे बिअरमध्यें मद्यार्क शेंकडा ५ आहे.

बाटल्या भरतांना दर लिटरास सहा ग्रॅम साखर घालितात. तिच्या योगें बाटलींत वायु होऊन फेंस येतो. येथें घाई घातक आहे. आंबणें पुरतें थांबण्यापूर्वीं बाटल्या भरल्या, किंवा साखर अंदाजानें मूठभर टाकली, तर बाटल्या फुटून कांचा डोळ्यांत जातात. यंत्राचा आंकडा दोन तीन दिवस लागोपाठ तोच आला म्हणजेच भरण्यास हात घालावा.

ज्या देशांत मोकळीक आहे तेथें प्रथमच करणारानें स्वतः माल्ट करण्याच्या भानगडीस पडूं नये. तयार माल्टाचा आटवलेला पाक बाजारांत मिळतो. तो पाण्यांत विरघळवून हॉपाबरोबर उकळावा व येथूनच आरंभ करावा. पहिल्या खेपेस स्वच्छता, उष्णता व धीर या तीन गोष्टी साधल्या म्हणजे दुसऱ्या खेपेस भरडलेल्या धान्याकडे वळावें. प्रत्येक खेपेची तारीख, वजनें, उष्णता व घनता वहींत टिपून ठेवावी. वही नसलेल्या माणसास चांगली बिअर झाली तर ती कां झाली हें कळत नाहीं, आणि वाईट झाली तर तीच चूक पुनः होते.

क्वाइक : घरचें विरजण

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही नॉर्वेचें उदाहरण निवडलें ती सांगतों. पश्चिम नॉर्वेंतील कांहीं भागांत यीस्टला क्वाइक म्हणतात. आपल्याकडे जसें दह्याचें विरजण एका खेपेचें दुसरीस लावितात, तसेंच तेथील शेतकरी एका बिअरचें क्वाइक काढून पुढच्या बिअरीस लावीत आले. दोन खेपांमध्यें महिनेच्या महिने जात. म्हणून तें वाळवून ठेवीत. लांकडाच्या लहान लहान तुकड्यांचें एक कडें करीत, तें आंबत्या रसांत बुडवून क्वाइकानें माखून घेत व उंच कोरड्या जागीं टांगून ठेवीत. कोणी फडक्यावर वाळवीत, कोणी भोकें पाडलेल्या ओंडक्यावर. वाळलेलें क्वाइक वर्षाहून अधिक काळ जिवंत राहतें. एखाद्याचें बिघडलें तर तो शेजाऱ्याकडून मागून आणी, आणि शेजारी देई. रसांत क्वाइक टाकतांना मोठ्यानें ओरडण्याचीही कित्येक ठिकाणीं चाल होती. ओरडण्यानें रस आंबत नाहीं हें उघड आहे; पण ज्या वस्तूवर सणाची लाज अवलंबून आहे तिच्याविषयीं माणसें अशाच चाली पाडतात.

या क्वाइकाचा गुण असा कीं, बाजारी यीस्ट ज्या उष्णतेवर बिघडतें, त्या ३० ते ४० अंशांवर तें उत्तम काम करतें आणि बहुधा दोन दिवसांत रस आंबवून मोकळें होतें. असें कां झालें असावें याची कल्पना करतां येते. शेतकऱ्याजवळ रस थंड ठेवण्याचीं यंत्रें नव्हतीं व वाट पाहण्यास सवडही नव्हती. तो रस कोमट असतांनाच क्वाइक टाकी, जें जगे व जें चवीस उतरे तेंच पुढच्या खेपेस राखी. जें बियाणें आपल्या जमिनींत, आपल्या पाण्यावर उभें राहिलें त्याचींच कणसें निवडून आपले वडील पुढील सालासाठीं टांगून ठेवीत, त्याहून ही रीत निराळी नाहीं.

पुढें काय झालें? कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हॅन्सन यानें १८८३ मध्यें यीस्टचें एकच शुद्ध वाण वेगळें काढिलें. तेव्हांपासून कारखान्यांस एकसारखी बिअर करतां येऊं लागली, आणि पुढें पाकिटांतलें तयार यीस्ट खेड्यापाड्यांतून पोंचलें. तें स्वस्त, सोयीचें व खात्रीचें होतें. शेतकऱ्यांनीं घरचीं कडीं टांगणें सोडून दिलें. जेथें तीं टांगणें सुटलें तेथील क्वाइक गेलें तें कायमचें गेलें. मोजक्या घरांनीं मात्र हट्टानें तें राखिलें.

अशा घरांतून गोळा केलेल्या नमुन्यांची कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या साथीदारांनीं तपासणी केली व १८ च्या सालीं, म्हणजे २०१८ मध्यें, निष्कर्ष प्रसिद्ध केला. क्वाइक हा माणसाळलेल्या यीस्टचा एक स्वतंत्र गट आहे असें त्यांत दिसून आलें. नॉर्वेंतील लार्स मारियस गार्शोल या गृहस्थानें गांवोगांव हिंडून या रीतींची जी माहिती जमविली, तिच्यावरील त्याचा इंग्रजी ग्रंथ २०२० मध्यें निघाला. आज ज्या कंपन्या यीस्ट विकतात त्याच क्वाइकाचीं पाकिटें करून जगभर विकीत आहेत. शेतकऱ्यांनीं जुनाट म्हणून टाकून दिलेली वस्तु अखेर दुकानांतून विकत मिळूं लागली! जीं थोडीं घरें टिकून राहिलीं, त्यांच्यामुळेंच हें होऊं शकलें.

पाकिटाचें यीस्ट वाईट नाहीं, तसें सुधारलेलें बियाणेंही वाईट नाहीं. आम्ही तें घेऊं नका असें कधींही म्हणणार नाहीं. परंतु तें घेतांना घरच्या जोंधळ्याचें, भाताचें, वालाचें जें वाण आपल्या शिवारांत उतरलेलें आहे, त्याचीं चार कणसें, चार शेंगा दरसाल वेगळ्या राखण्यास कितीसा खर्च येतो? एक वर्ष पेरणें चुकलें तर शेजाऱ्याकडे मागतां येतें. पण साऱ्या गांवानें एकाच वर्षीं टाकून दिलें तर मागावयाचें कोणाकडे?

आपल्या घरीं करण्याजोगें : नाचणीचें माल्ट

जवाचें पीक आपल्या देशांत मुख्यत्वें राजस्थान व उत्तर प्रदेशांत होतें. आपल्याकडे तें फारसें नाहीं. परंतु माल्ट नाचणीचेंही उत्तम होतें, आणि लहान मुलें, आजारी व वृद्ध माणसें यांस तें हितकर आहे. कृति अशी :

एक किलो नाचणी निवडून, स्वच्छ धुऊन बारा तास भिजत घालावी. पाणी पुरतें निथळून ओल्या स्वच्छ फडक्यांत बांधून उबदार जागीं ठेवावी व दिवसांतून दोन तीन वेळां पाणी शिंपडावें. एक ते दोन दिवसांत बारीक पांढरे मोड दिसूं लागतात. ते लांब होऊं देऊं नयेत. मग पातळ पसरून कडक उन्हांत खडखडीत वाळवावी. वाळल्यावर हातानें चोळून व सुपानें पाखडून मोड काढून टाकावे. नंतर मंद आंचेवर खमंग वास येईपर्यंतच परतावी. करपवूं नये, नाहीं तर माल्टाचा गुणच मरतो. दळून वस्त्रगाळ करावी व कोरड्या डब्यांत भरावी. मोड येतांना कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर ती सर्व नाचणी टाकून द्यावी. धुऊन वापरण्याचा मोह धरूं नये.

या पिठाची परीक्षा सोपी आहे. दाट शिजवलेली पेज कोमट झाल्यावर तींत चमचाभर पीठ ढवळावें. थोड्याच मिनिटांत ती पातळ होते. स्ट्योर्डालच्या शेतकऱ्याच्या भांड्यांत तासभर जें घडतें तेंच हें होय. लहान मुलास दाट पेज गिळवत नाहीं, आणि पाणी घालून पातळ केली तर तिच्यांतील कस उतरतो. माल्टानें ती कस न उतरतां पातळ होते. मात्र मुलास देण्यापूर्वीं ती पुनः एक उकळी येईपर्यंत तापवावी.

एक सूचना अवश्य ध्यानांत ठेवावी. हीच कृति कोणी ज्वारीवर करूं नये. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतें हें आपण सारे जाणतों. तेंच विष ज्वारीच्या मोडांतही उत्पन्न होतें. नाचणीस तें भय नाहीं.

ज्या वाचकांकडे नाचणी पिकते त्यांनीं या हंगामांत किलोभर नाचणीचें माल्ट करून पाहावें, आणि किती तासांत मोड आले, पीठ किती उतरलें व किती दिवस टिकलें हें आम्हांस कळवावें. मिळालेले अनुभव पुढील एखाद्या अंकांत एकत्र देऊं.